रेस्फाचा चेहरा

एदेल्मिराच्या तोंडावर तिच्या आईचं तोंड होतं, एवढाच तिचा गुन्हा. रुंद कपाळ, मध्ये येऊन मिळालेल्या भुवया आणि हनुवटीवर खळी. तिच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात क्लेमेन्सा आजीने, म्हणजे अरोयावे घराण्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने, बाळाला खिडकीशी उजेडात नेलं, दुपट्यातून तोंड बाहेर काढून नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ही रेस्फाची." कोंबडीच्या रश्श्याचे वाडगे लोकांच्या हातात तसेच राहिले म्हणे. मी तेव्हा शेजारच्या घरात पाळण्यात होते. पण ही गोष्ट इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की मला ते वाडगेसुद्धा दिसतात.

रेस्फा म्हणजे एदेल्मिराची आई. तिला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं, चांगली दहा गाई पिळत होती. पण तिच्याही तोंडावर तिच्या बापाचं तोंड होतं, आणि तो बाप गोठ्यात गाईंना स्वतःचं नाव विचारत विचारत मेला होता. आमच्या डोंगरात त्याला बोबेरा म्हणतात, खुळेपणा. चाळिशी उलटली की माणूस तेच तेच विचारायला लागतं. मग वाट चुकतं, घर चुकतं, पोटच्या पोरांना अहो-जाहो करतं, आणि शेवटी घास गिळायचा कसा तेही विसरतं. कुणी म्हणे पणजोबाने चर्चच्या दानपेटीत हात घातला म्हणून पाद्र्याने शाप दिला. कुणी म्हणे ओढ्याकाठच्या एका झाडाला हात लावला की होतो. शापाबद्दल वाद होते, झाडाबद्दल वाद होते, पण एका गोष्टीबद्दल सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत: ज्याला चेहरा, त्याला बोबेरा.

चार वर्षांनी एदेल्मिराला भाऊ झाला, लिबार्दो. क्लेमेन्सा आजीने त्यालाही खिडकीशी नेलं. लांब नाक, पातळ ओठ, थेट बाप. "हा स्वच्छ आहे," ती म्हणाली. त्या दिवशी लोक दोनदा जेवले.

घरात मग दोन मुलं दोन तऱ्हांनी वाढली. लिबार्दोला शाळा, बूट, शर्यतीचा घोडा. एदेल्मिराला कामं. कुणी वाईट वागलं तिच्याशी असं नाही. उलट तिच्यावर सगळेच दया करायचे, आणि दयेसारखी दुसरी चीड आणणारी गोष्ट नाही. वर्गात तिला कविता म्हणायला उभं केलं आणि एखादी ओळ अडली, की बाई लगेच म्हणायच्या, "बस बाळा, राहू दे." माझीही ओळ अडायची. मला मात्र छडी मिळायची. मी तिला म्हणायचे, "तू नशीबवान आहेस गं." ती म्हणायची, "तुझी छडी मला दे आणि माझं बस-बाळा तू घे."

रेस्फाचं सुरू झालं तेव्हा एदेल्मिरा सतरा-अठराची होती. प्यायच्या गुळाच्या पाण्यात तिच्या हातून मीठ पडायला लागलं. मग रेस्फा बादली घेऊन चर्चमध्ये गेली आणि प्रार्थना चालू असताना बाकाखाली गाय शोधायला लागली. कुणी हसलं नाही. एदेल्मिरा बाहेरगावी नन्सच्या शाळेत शिवण शिकत होती, तिला परत बोलावलं. बापाने कारण सांगितलं तेही मी कुंपणापलीकडून ऐकलं. "पोरी, तुझं तर काही होणारच नाही. हात चालताहेत तोवर आईचं कर."

तिने केलं. बोळातली बाकीची घरं आपल्या आजारी माणसाला खुर्चीला दोरीने बांधून शेताला जायची. तिने आईला कधी बांधलं नाही. दिवसभर तिच्यामागे फिरायची. रेस्फा ओढ्यापर्यंत जायची, ही ओढ्यापर्यंत. रेस्फा परत फिरायची, ही परत. माझ्या बेकरीच्या खिडकीतून दोघी जाताना दिसायच्या, पुढे एक चेहरा आणि मागे तोच चेहरा, पंचवीस-तीस वर्षं कमी. बघवत नसे. मी पाव भाजायला आत जायचे.

एवेलियो दुधाची गाडी चालवायचा. आमच्या भागात सगळ्यांचं दूध तोच गोळा करून खाली नेई. हसरा, कानांनी जरा मोठा, गाता गळा. रोज माझ्या दारात गाडी थांबवून चीजचा पाव घ्यायचा आणि एदेल्मिरा येईपर्यंत तो खाऊन संपू द्यायचा नाही. एका सकाळी ती आली तशी मी म्हटलं, "एवेलियो, दूध नासेल, निघ की आता."

"नासू दे," तो म्हणाला. "आधी हिच्याकडून उत्तर हवंय. एक वर्ष झालं विचारून."

एदेल्मिराने पावाची टोपली खाली ठेवली. "माझं तोंड बघितलंस का तू कधी?"

"रोज बघतो. त्याच्यासाठीच गाडी इकडून आणतो. नाहीतर खालचा रस्ता जवळ पडतो मला."

"थट्टा नको. या तोंडाने मी तुला पोरं देऊ? तीही हेच तोंड घेऊन येतील. आणि चाळिशी आली की मला खुर्चीला बांधून तू दुधाला जाशील."

"बांधणार नाही. गाडीत शेजारी बसवीन. सगळ्या डोंगराला दाखवत फिरवीन."

मला वाटलं, आता ही हो म्हणते. देवाशपथ, मी काउंटरखाली हात जोडले होते. मग तिने टोपली उचलली. "नको एवेलियो. तू चांगला आहेस ना, म्हणूनच नको."

तो दोन वर्षं थांबला. मग खालच्या खोऱ्यातल्या एका पोरीशी लग्न केलं त्याने. लग्नाचे पाव माझ्याकडे होते आणि कणीक मळायला हात कमी पडत होते, तर एदेल्मिरा पहाटे येऊन उभी राहिली. बाह्या वर केल्या आणि मळायला लागली. मी म्हटलं, "तू जा घरी, मी बघते." ती म्हणाली, "गप्प बस आणि पीठ घाल." मला तेव्हा तिचा राग आला होता, अजून येतो. पण रागावून काय करणार, सगळ्या गावाने जे खरं मानलं तेच तिने मानलं. मीही मानलं होतं.

रेस्फा गेली. बाप गेला. लिबार्दोने लग्न केलं, त्याला तीन मुलं झाली. आणि एदेल्मिरा चाळिशीला लागली, तशी ती बोबेराची वाट बघायला लागली. मरणाची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत, ती थकून पडलेली असतात. ही धडधाकट बाई होती, डोंगर चढून सरपण आणायची, आणि रोज सकाळी अंथरुणात बसून आधी सगळ्या संतांची नावं म्हणून बघायची, मग गाईंची, मग भाचरांची. एक चुकलं की दिवसभर तोंड काळंठिक्कर. किल्ली सापडेना तर अख्खं घर उलटंपालटं करायची. "अगं, किल्ली माझीही हरवते," मी ओरडायचे. "तुझी हरवते तेव्हा किल्लीच हरवते," ती म्हणायची.

लिबार्दोला तिने बसवून शिकवलं होतं, आपल्याला पुढे कसं भरवायचं ते. "एक घास द्यायचा. थांबायचं. घसा हलला की दुसरा. घाई केलीस तर मी गुदमरून मरेन आणि पाप तुला लागेल." लिबार्दो हसायचा, म्हणायचा, "ताई, तुझ्या घासात मी दारू घालेन, मग तुला विसरायला निमित्त तरी होईल." स्वच्छ माणूस होता ना तो. त्याला हसणं परवडायचं.

लिबार्दो पंचेचाळिशीला पोचला तेव्हाची गोष्ट. रविवारी प्रार्थना संपवून भाऊ-बहीण माझ्याकडे आले. लिबार्दोने विचारलं, "तुलिया, चीजचा पाव आहे का गरम?" मी म्हटलं, आहे. त्याने घेतला, खाल्ला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाला, "तुलिया, चीजचा पाव आहे का गरम?" मला वाटलं आणखी हवाय. दिला. त्याने तो हातात धरला, बायकोची तक्रार सांगितली, आणि वळून म्हणाला, "तुलिया, चीजचा पाव आहे का गं गरम?"

पाव त्याच्या हातातच होता. मी एदेल्मिराकडे पाहिलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. एखाद्याच्या घरी जायला म्हणून जन्मभर रस्ता तुडवावा आणि दार उघडल्यावर कळावं की घर चुकलं, तसं काहीतरी होतं. "आहे," तीच त्याला म्हणाली. "आहे गरम. खा."

आता लिबार्दोच्या बायकोला पैसा मिळवणं भाग होतं. ती खाली मेदेयीन शहरात लोकांकडे घरकामाला गेली, धाकटी दोघं बरोबर नेली. थोरली नूबिया आत्याजवळ राहिली. आणि भावाला जे शिकवलं होतं ते बहिणीनेच केलं. एक घास, थांब, घसा हलला की दुसरा.

त्याच सुमाराला शहरातले डॉक्टर यायला लागले. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, चिखलातून घरोघरी फिरायच्या, म्हाताऱ्यांजवळ बसून कोण कुणाचं ते विचारायच्या. रक्तं घेतली. त्यांच्याकडून कळलं, याला जगात अल्झायमर म्हणतात, आणि तो असा भरल्या वयात गाठणारा प्रकार रक्तातून उतरतो. एके दिवशी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना जमवून त्यांनी समजावून सांगितलं: शाप नाही, झाड नाही. आई किंवा बाप, एकाला असेल तर प्रत्येक मुलाचा वेगळा छापा-काटा. पडला तर पडला, नाही तर नाही, आणि ज्याला नाही त्याच्या मुलांनाही नाही.

एदेल्मिरा उठून उभी राहिली. पन्नाशीची झाली होती तेव्हा. "आणि चेहरा?"

"कसला चेहरा, बाई?"

"ज्याला आजारी माणसाचं तोंड, त्याला आजार. असं आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "नाही हो. नाक-डोळ्यांची वाट वेगळी, या आजाराची वेगळी. एकमेकांशी काही नातं नाही त्यांचं."

"मग मला?"

"तुम्ही पन्नाशीच्या. या घराण्यात तो इतका थांबत नाही." त्या हसल्या, बिचाऱ्या. त्यांना वाटलं आपण आनंदाची बातमी देतोय. "तुम्ही सुटलात, बाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणींनी तिला मिठ्या मारल्या. मी तिच्याबरोबर घरी आले. चुलीवर राजमा शिजत होता, तो तिने ढवळला, लिबार्दोची लाळ पुसली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुलिया, मी एवेलियोला नाही म्हटलं."

क्लेमेन्सा आजी जिवंत असती तर मी तिला त्याच खिडकीतून खाली ढकलली असती. पण ती झोपेत, शंभरीच्या आसपास, सगळं आठवत असताना मेली होती.

नूबियाच्याही तोंडावर तेच तोंड होतं. तेच कपाळ, त्याच भुवया, तीच खळी. पोरगी विशीला आली, गोड हसायची, बसमधला एक कंडक्टर तिच्यामागे लागला होता. गावात मात्र कुजबुज सुरूच. डॉक्टर कितीही सांगून जावोत, पालथ्या घड्यावर पाणी. एका बाईने तर माझ्या दुकानात नूबियासमोरच म्हटलं, "आत्या वाचली म्हणून भाची वाचेल असं थोडंच आहे."

नूबिया रडत घरी गेली. मी मागोमाग गेले. एदेल्मिराने तिला समोर उभं केलं, हनुवटी धरली. "माझ्याकडे बघ. हेच तोंड आहे का माझं?"

"हो, आत्या."

"मला काय झालं? काही झालं? सगळ्या संतांची नावं उलटी म्हणून दाखवू? कर लग्न. पोरं होऊ देत. मी जे केलं नाही ते सगळं तू कर."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "एदेल्मिरा, बाईंनी छापा-काटा म्हटलं होतं. चेहऱ्याने होत नाही, तसा चेहऱ्याने टळतही नाही. लिबार्दोची पोरगी आहे ती."

"तुझ्या तोंडून कधी गोड निघतच नाही," ती म्हणाली, आणि दोन महिने माझ्याकडून पाव घेतला नाही. पलीकडच्या बोळातून शिळा पाव आणून खाल्ला, पण माझ्या दारात आली नाही. मी ओळखून होते. तिला नूबियाचं लग्न हवं होतंच, पण त्याहून जास्त हे हवं होतं की कुणीतरी त्या चेहऱ्याने जगून दाखवावं.

लग्न झालं. मुलगी झाली, मारिसोल. बाप्तिस्म्याच्या जेवणात कुणीतरी बाळ खिडकीकडे न्यायला लागलं, तेव्हा एदेल्मिराने हातातली पळी उगारली. "जिथे आहे तिथेच खाली ठेव." मी ती पळी बघून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसाइतकी एदेल्मिरा मला कधी सुखी दिसली नाही. तेवढा एक दिवस तिच्या नावावर आहे, तो मी कुणाला पुसू देणार नाही.

लिबार्दो मेला तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू मागितला, अभ्यासाला. गावात बोंब झाली, डोकं रिकामं करून माणसाला पुरणार काय म्हणून. एदेल्मिरा म्हणाली, "आयुष्यात त्याच्या कामी नाही आला, आता कुणाच्या तरी येऊ दे." त्याच्यासाठी केलेल्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थनेला निम्मं गाव आलं नाही. ती माझ्याबरोबर रिकाम्या बाकांसमोर जपमाळ ओढत बसली.

मग औषध आलं. म्हणजे औषधाची परीक्षा आली. या घराण्यांतल्या धडधाकट तरुण माणसांना आधीपासूनच इंजेक्शन द्यायची, म्हणजे आजार उगवायच्या आतच अडेल. नूबियाने नाव दिलं. दर पंधरवड्याला पहाटेची बस धरून मेदेयीन. कुणाच्या रक्तात आजार आहे आणि कुणाच्या नाही हे सांगायचं नाही, असा त्यांचा नियम. आणि इंजेक्शनात औषध आहे की नुसतं पाणी, हे टोचणाऱ्या नर्सलाही ठाऊक नसायचं. मला ते ऐकून डोकं उठायचं. "अगं, निदान विचार तरी," मी नूबियाला म्हणायचे. ती म्हणायची, "मावशी, मला नाहीच कळून घ्यायचं. मी आत्याकडे बघतेय ना." तिचा त्या चेहऱ्यावर विश्वास होता. आत्याच्या चेहऱ्यावर.

डॉक्टर आणखीही सांगायचे. चाला, गोड कमी, डोक्याला काम द्या, दारू-सिगारेट नको, झोप हवी. एदेल्मिराने ते पाद्र्याच्या उपदेशापेक्षा कडक पाळायला लावलं. गुळाचं पाणी बंद. आमच्याकडे गुळाचं पाणी बंद म्हणजे चूल बंद करण्यासारखं आहे. नूबियाला शब्दकोडी सोडवायला बसवायची, स्वतः जेमतेम वाचता येत असून समोर बसून पहारा द्यायची. संध्याकाळी दोघी ओढ्यापर्यंत चालायच्या आणि परत. मी खिडकीतून बघायचे. पुन्हा तोच चेहरा पुढे, तोच मागे. मी आत जायचे.

शेवटी त्या सगळ्या घराण्यांना मेदेयीनला मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. एदेल्मिराला गुडघ्यांमुळे जिने चढवेनात म्हणून मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी सांगितलं, औषधाचा उपयोग झाला नाही. ज्यांना ते दिलं त्यांनाही आजार तसाच आला. हॉलमध्ये कुणी हलेना. माझ्यापुढच्या बाकावरच्या माणसाने नुसतं डोकं खाली घातलं.

आणि त्या शांततेत नूबियाने टाळ्या वाजवल्या. मनापासून, हसत, नाटक संपल्यावर वाजवाव्या तशा. आजूबाजूच्या लोकांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या, कारण त्या हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं. एदेल्मिराने तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. परतीच्या बसमध्ये नूबियाने विचारलं, "आत्या, आपण मेदेयीनला कधी जायचं?" डोंगर चढेपर्यंत तेच विचारत राहिली, आणि एदेल्मिरा प्रत्येक वेळी म्हणाली, "जाऊ, बाळा."

त्यानंतर एदेल्मिरा माझ्याजवळ एकदाच मनातलं बोलली. "मी भ्याले तर माझं आयुष्य गेलं. ही भ्याली नाही तर हिचं गेलं, आणि वर पोर मागे राहिली. तुलिया, मग करायचं काय होतं गं आम्ही?" मी पाद्र्याला विचारलं, त्याला याचं उत्तर येत नाही. देवाला येत असेल तर तो गप्प आहे.

नूबियाचा नवरा केव्हाच निघून गेला. आजार डॉक्टरांनी सांगितला होता तितकाच घाईने आला. एदेल्मिरा पंचाहत्तरीची, गुडघे गेलेले, कंबर वाकलेली, आणि जन्मातली तिसरी खेप. आई, भाऊ, आता भाची. मारिसोल मेदेयीनला नर्सिंग शिकत होती. तिचं तोंड बापावर गेलंय, पण आता आमच्याकडे तोंडं कुणी बघत नाही. वय मोजतात.

मारिसोल सुट्टीला आली की मला सांगायची, तिकडे एक मुलगा आहे, फळ्या कापायच्या कारखान्यात लागलाय, लग्नाचं विचारतोय. तिला तो आवडायचा. त्याचं नाव घेताना पाव चुरगाळायची.

आता डॉक्टर नियम बदलून ज्याला हवं त्याला रक्ताचं सांगतात, हे कळल्यापासून एदेल्मिराने एकच धोशा लावला होता. "जा. विचारून ये. नाही म्हणाले तर त्याच दिवशी लग्न कर आणि इकडे फिरकू नकोस. माझ्या मातीलाही येऊ नकोस. हो म्हणाले तर तेही कळू दे, निदान डोळे उघडे ठेवून ठरवशील. आम्ही सगळ्यांनी आंधळेपणाने केलं." शेवटी मारिसोल हो म्हणाली. तारीख मिळाली. आईबरोबर थोडे दिवस काढायला ती घरी आली होती, तिथूनच पहाटेच्या बसने गेली. मी तिला वाटेला पाव बांधून दिले. एदेल्मिरा दारात उभी राहून बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होती. म्हणाली, "आता ही सुटली."

दुपार कलताना मी नूबियाला भरवायला मदत म्हणून तिच्याकडे गेले. नूबियाला खुर्चीत बसवलं होतं, एदेल्मिरा दुधातल्या मक्याचा वाडगा घेऊन समोर स्टुलावर. तेवढ्यात दार वाजलं आणि मारिसोल आत आली. पिशवी खांद्यालाच होती.

"काय म्हणाले?" एदेल्मिरा वाडगा फरशीवर ठेवून उठली. "इतक्यात सांगितलं?"

"मी आत गेलेच नाही."

"म्हणजे?"

"दारापर्यंत गेले. बाकावर बसले. मग वाटलं, हो निघालं तर? पंचवीस वर्षं मी काय करू, आत्याआजी? तुझ्यासारखी सकाळी उठून नावं म्हणत बसू?"

"आणि नाही निघालं तर, मूर्ख पोरी!"

"तर आईला असं सोडून मी सुखाने नांदू?" मारिसोलने पिशवी खाली ठेवली. "मी नर्सिंग सोडलं. त्यालाही सांगून आले."

"कुणाला?"

"त्याला. भेटायला आला होता तो तिथे. नको म्हटलं. तो रडला गं. खूप चांगला आहे तो. म्हणूनच म्हटलं, नको."

एदेल्मिराने हात उचलला आणि तिच्या थोबाडीत मारली. आईने बादली अंगावर ओतली, भावाने चावे घेतले, भाचीने केस उपटले, तरी कुणावर हात न उचललेली बाई ती. आवाज भिंतीवर आपटला. मग ती तिथेच जमिनीवर बसली. "बोलाव त्याला," ती ओरडत होती, "फोन कर, आत्ता बोलाव, मी पाया पडते त्याच्या, मारिसोल, बोलाव गं त्याला." मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवायला गेले, पण माझ्याही अंगात तेवढा जोर नाही राहिला.

मारिसोल हलली नाही. गालावर बोटं उमटली होती. तिने फरशीवरून वाडगा उचलला, आईच्या समोर स्टुलावर बसली आणि चमचा भरला.

थोबाडीत मारल्याचा आवाज नूबियाला आवडला असावा. ती हसत होती. लेकीने चमचा पुढे केला तसं तिने तोंड उघडलं. मारिसोल थांबली, घसा हलल्याची खात्री केली आणि दुसरा घास भरला.